लेडीज सेटिंग लावनार न्हाई

जल्म माझा कोपीतला. कोपी म्हंजी ताई, ऊसतोडीला गेल्यावर पाचटाची न्हाई तर ताडपत्रीची खोपटी घालत्यात ती. गाव आमचं पाथर्डीच्या पल्याड, डोंगराच्या कडंला, पाऊस आला तर आला, म्हनून दिवाळी झाली की अर्धं गाव ट्रकात. आई माझी सोजरबाई, कोयत्यावर पहिल्या नंबरची, तोंडानं बी पहिल्या नंबरची. टोळीत सगळ्यांची भांडी एकात एक जायची, मंग तुझं का माझं करत भांडनं, म्हनून आईनं बाजारात आपल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेतलेलं, सोजर, टिंबाटिंबाचं. वाचता येत न्हाई तिला, पन बोट फिरवून वळखायची, ही परात माझी, ठिव खाली. मी अक्षरं त्या परातीवर शिकले, शाळा मागून आली.

मला वसतिगृहात ठिवलं म्हनून बारावी झाले अन् नगरला एका रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत लागले, आधी झाडायला, फोन घ्यायला. मालक कॉम्प्युटरवर बसले की मागं हुभी ऱ्हाऊन बघायची. पडद्यावर मिक्सर, एकेका आवाजाला एकेक हुभी पट्टी, वर खाली सरकवायची, बाजूला जाड बारीक करायची बटनं. अन् सगळं मनासारखं बसलं की ते तसंच्या तसं नाव देऊन सेव्ह करायचं, म्हंजी पुढच्या खेपंला नुसतं नाव दाबलं की सगळ्या पट्ट्या आपल्या आपन जागेवर जाऊन बसत्यात. मला लई नवल वाटायचं. तीन वर्सांत मालक बाहेर अन् आतलं सगळं मी, असं झालं.

मालकांची एक सेटिंग हुती, नाव लेडीज. बाई गायला आली की लेडीज दाबायचं. आवाजातलं जाड कापलं जायचं, घसरलेला सूर सरळ, वरून चकाकी, वरून इको. शाळंतली पोरगी असू न्हाई तर साठीची म्हातारी, सगळ्या सारख्याच गोड. मी बी दाबत हुते, खोटं कशाला बोलू, चार वर्सं दाबलं. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, मला काय पडलीय.

मंग आमच्या देवीच्या यात्रंसाठी गावातल्या बायांची गानी रेकॉर्ड करायचं यात्रा कमिटीनं ठरवलं. आठ बाया आल्या, आठ माईक लावले, म्होरं आमची आई. आई त्या काचंच्या खोलीत उसाच्या फडात हाक मारावी तशी गायली, तिला माईकपासून दोन पावलं मागं सारावी लागली. झाल्यावर मी सवयीनं लेडीज दाबलं, नुसता तिचा आवाज लावला अन् तिच्या कानाला हेडफोन दिला. तिनं सगळं ऐकलं, मान डोलवत ऐकलं, अन् म्हनली, चांगली गाती गं, कोन हाय ही?

काय सांगू तुमाला ताई. चेष्टा करत नव्हती ती. मी म्हनलं, आई, तूच की. तर म्हनली, मी व्हय? अन् हेडफोन काढून माझ्या हातात दिला, चुकून आलेलं भांडं परत करत्यात तसा. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली. माझ्या आईला मी माझ्याच हातानं पुसलं हुतं.

मंग सगळ्या पट्ट्या शून्यावर घेतल्या अन् आईपासून सुरू केलं. तिच्या आवाजात खरखर हाय, पाचटाची धूळ खाल्लेली, ती कापली न्हाई. इको न्हाई. सूर जिथं चढतो तिथं चढू दिला. मनासारखं बसलं तवा सेव्ह केलं, नाव टाकलं सोजर. मंग गयाबाई, मंग चतुराबाई, आठीच्या आठी, दोन दिवस लागले. मालकांनी यादी बघितली अन् हसले, सविता, सेटिंगला बायांची नावं? भांडी हायत का ही? मी म्हनलं, व्हय, भांडीच हायत, जिचं तिला वळखू यावं म्हनून नाव घालायचं असतं.

तवा हसू गेलं त्यांचं. म्हनले, असले घोगरे आवाज बाहेर गेले तर माझ्या स्टुडिओची काय अब्रू ऱ्हाईल, उद्या कमिटीवाले यायच्या आत सगळ्यांना लेडीज लाव, न्हाई तर किल्ली टेबलावर ठिव. आता माझ्या नोकरीमुळं आई त्या साली पहिल्यांदाच तोडीला जानार नव्हती. मालक काय म्हनले ते तिला सांगितलं. तर मलाच म्हनली, फड काय मला नवा हाय का? जाईन की. पन दुसरीच्या आवाजात देवीम्होरं हुभी ऱ्हानार न्हाई.

सकाळी कमिटीवाल्यांच्या हातात बायांच्या आवाजातलं गानं दिलं अन् किल्ली टेबलावर आपटली. मालकांनी माझ्या डोळ्यांदेखत आठी नावं पुसली. पुसा म्हनलं. कुठली पट्टी कुठं ठिवायची ते माझ्या कानात हाय, तिथं तुमचा हात पोचत न्हाई.

यात्रंत स्पीकर लागला, अन् पहिल्याच ओळीला पारावरच्या बाया वरडल्या, अगं सोजरे, ही तर तू! कोन हाय म्हनून एकीनं बी इचारलं न्हाई.

आई तोडीला गेली, दोन साल गेली. मी पाथर्डीत खोली घेतली, आवाज घुमू नये म्हनून भिंतीला तिच्या हातच्या गोधड्या टांगल्यात. बाया जीपनं येत्यात. मधी तेच मालक फोनवर म्हनले, सविता, ती तुझी गावरान आवाजाची सेटिंग पाठव की, लोक मागत्यात. मी म्हनलं, सेटिंग मागू नका, बाई घेऊन या, तिची तिला करून देईन.

अन् औंदा आई आली ती आवाज बसवूनच आली. गायला हुभी केली, माझ्याकडं पुन्हा केलेली सोजर सेटिंग लावली, तर बसंना. म्हनलं, आई, आता नवी करावी लागंल. म्हनली, जुनी पुसनार का? म्हनलं, न्हाई, दोन्ही ऱ्हात्यात, सोजर एक, सोजर दोन. जरा इचार केला तिनं अन् म्हनली, मंग तिसरीला बी जागा ठिव. आवाज बसलाय म्हनून मी माईक तिच्या तोंडाजवळ आनला हुता. तो तिनं हातानंच दोन पावलं मागं सारला.