वाजवी मुदत

नाही नाही, बसा, खुर्ची इकडे ओढून घ्या, तिथे एसीचं पाणी ठिबकतं — हां, तर मी काय सांगत होतो, खालची प्रयोगशाळा पाहिलीत ना? काचेच्या भिंती, ते धूळ सोडायचं यंत्र, दारावर कंपनीचं नाव. दिसेल असंच लावलंय त्यांनी. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवायचो आम्ही. आता तुमच्यासारखी माणसं लांबून येतात, विचारतात, उद्योगांशी करार कसे करता, कुणी काय तपासायचं, काय छापायचं, त्याचे नियम कोण ठरवतं — आणि मी सांगतो. हेच काम माझं. तुमच्या कुलगुरूंनी लिहिलंय, आम्हाला तुमच्याकडून शिकायचं आहे. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण आपणही कुणाकडून तरी शिकलेलोच असतो. मीही गेलो होतो असाच दुसऱ्या विद्यापीठात, तुमच्यासारखी वही काढून बसलो होतो. माझ्याच पदावरचे एक गृहस्थ होते तिथे, फार अगत्याचे. त्यांनी मला करारातलं एक कलम दाखवलं — निष्कर्ष छापण्याआधी कंपनीला दाखवायचे, आणि तिची हरकत आली तर छपाई 'वाजवी मुदतीपर्यंत' थांबवायची. मी विचारलं, वाजवी म्हणजे किती? ते हसले. म्हणाले, ते लिहायचं नाही, म्हणून तर सगळे सही करतात. मला ते इतकं आवडलं — टाळी दिली मी त्यांना, खरंच. आणि कलम उचलून आणलं, जसंच्या तसं. तेच तुम्हाला हवंय ना? मसुदा? देतो की. त्यासाठीच आलात. चहा येऊ दे आधी.

मघाशी तुम्ही विचारलंत, कोपऱ्यातलं ते आवरून ठेवलेलं टेबल कुणाचं. आमच्या धुळीच्या बाईंचं. धुळीचा अभ्यास करण्यात आयुष्य गेलं त्यांचं, म्हणून मुलं म्हणतात धुळीच्या बाई, त्यांनाही चालतं. ही कंपनी मास्क बनवते — फरशी कापणारे, दगड घासणारे कामगार लावतात ते. सगळीकडे मास्क कोरडाच तपासतात. बाई म्हणाल्या, माणूस दिवसभर त्यात श्वास सोडतो, घामाने तो ओला होतो, मग ओला तपासायला नको? साधी गोष्ट, कुणाला सुचली नव्हती. आणि ओला मास्क काय करतो — जाडी धूळ अडवतो, म्हणून माणसाला वाटतं, चाललंय काम. बारीक जी छातीत जाऊन बसते, ती सरळ आत सोडतो. बाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं. मग इथे आल्या, तुम्ही बसलात तिथेच बसल्या. म्हणाल्या, सर, हे लगेच छापायला हवं, लोक वापरताहेत.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, हो, नक्की, फक्त एकदा कंपनीला दाखवू या, करारात आहे. दाखवलं. हरकत आली — अगदी सभ्य हं, चढा आवाज नाही की काही नाही. आम्हीही तपासतो, तोवर थांबा म्हणाले. आमच्या समितीने मुदत दिली. ती संपली, वाढवून मागितली, दिली. पुन्हा मागितली, पुन्हा दिली. समितीचा सचिव कोण? मीच. टिपण कोण लिहितं? मीच. 'मुदत वाजवी वाटते' — हात आपोआप लिहितो आता. बाई दर वेळी बैठक संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून असतात. भांडत नाहीत. भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं, मीही भांडलो असतो. मागच्या वेळी एवढंच म्हणाल्या, सर, तुम्हाला झोप लागते का? टोमणा नव्हता तो, डॉक्टर विचारतात ना, तसं विचारलं. आता त्या पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यांना प्रयोगशाळेतून कुणी काढलं नाही, हे लक्षात घ्या. फक्त त्यांना यंत्र कधी मोकळं मिळत नाही.

हे लिहू नका. पेन ठेवा जरा.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही काहीच केलं नाही का. केलं ना. माझा मेहुणा — बायकोचा धाकटा भाऊ — फरशीच्या कारखान्यात आहे. हेच मास्क वापरायचा, मीच दिलेले. इथे नमुन्यांची खोकीच्या खोकी येतात, मोठ्या तोऱ्यात नेऊन दिली होती, म्हटलं, घे, आमच्याकडे तपासलेला माल आहे. बाई मला सांगून गेल्या, त्याच संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. बायकोलाही बोललो नाही. दुकानातून दुसरे, भारीतले घेतले आणि म्हटलं, यापुढे हे वापर. तो म्हणाला, का हो दाजी, ते काय वाईट होते? म्हटलं, काही नाही रे, हे जरा जास्त चांगले आहेत, एवढंच. खरं कारण कसं सांगणार, गोपनीयतेवर सही आहे ना माझी. म्हणजे बघा, घरच्या माणसापुरती सही मोडायची आणि बाकीच्यांसाठी पाळायची. तेव्हा मात्र मला फार हलकं वाटलं होतं. शीळ घालत घरी आलो मी.

मागच्या रविवारी तो जेवायला आला होता. सहज विचारलं, ते जुने मास्क टाकलेस ना रे? तर म्हणाला, टाकतोय कशाला दाजी, कोरे करकरीत होते, शेडमधल्या माणसांना वाटून दिले. आधी बिचारे नाकाला फडकी बांधायचे. तुमचं नाव सांगितलं, दुवा देतात तुम्हाला. दुवा, मॅडम. बायको वाढत होती, ती म्हणाली, बघा, किती चांगलं काम झालं तुमच्या हातून. आणि मी — मी मान डोलावली. घास गिळला आणि वर म्हणालो, अजून लागले तर सांग.

तोंडातून निघून गेलं हो. असं बघू नका.

परवा त्याचा फोन आला, दाजी, अजून एक खोकं मिळेल का? ते काय, कपाटावर ठेवलंय. नेलंही नाही, टाकलंही नाही. येता-जाता बघतो त्याच्याकडे.

मग सांगून का टाकत नाही? सोपं आहे म्हणायला. खाली ती मुलं काम करतात, करार मोडला तर त्यांचं काय — नाही, थांबा, हे मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण हे नाही. बाईंचं छापून आलं की लोक पहिलं काय विचारतील? हे कळलं कधी? आणि मग, इतके महिने अडवून कोण बसलं होतं? खरं कारण हे आहे.

काय म्हणालात? तुमच्या करारात — माणसाच्या जिवाला धोका दिसला तर मुदत लागू नाही. बस, एवढंच? एका ओळीत? आणि कंपन्या सही करतात? कुरकुरतात, पण करतात. असं. मग मॅडम, तुम्ही आमच्याकडे काय शिकायला आलात?

थांबा, फोन घेतो. — हो, बोल. आले का ते? सभागृहात बसव, चहा दे. हो, टिपण तयार आहे. आणि बाई? बाकावर? बरं.

कंपनीची माणसं आहेत. आज पुन्हा मुदतवाढीची बैठक आहे.

एक विचारायचं राहिलं. सकाळी खाली कुणी तुमची गोपनीयतेवर सही घेतली का? पाहुण्यांची घ्यायची असते, माझाच नियम आहे. नाही घेतली? मग ती मी आता घ्यायला हवी. कागद इथेच आहेत, या खणात. म्हणजे तुम्ही अजून कशालाच बांधलेल्या नाहीत. वाटेल त्याला वाटेल ते सांगू शकता.

कारखाना गावाबाहेर पडताना लागतो, वजनकाट्याच्या मागे निळी शेड. माझ्या मेहुण्याला तिथे सगळे तात्या म्हणतात, दुपारच्या पाळीला असतो. बाई बैठकीनंतर तळमजल्यावरच्या शेवटच्या वर्गात भेटतील. हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. मला जमत नाही म्हणून तुमच्या गळ्यात घालतोय, हे कळतंय मला, ते बोलून दाखवू नका. मसुदा राहू दे. नेऊ नका तो. मागच्या जिन्याने जा, पुढे ते बसलेत. उभ्या राहू नका आता, मी खण उघडायच्या आत जा. आणि दार ओढून घ्या.