मान इथं, मुक्काम तिथं

(राजधानीतलं सभागृह. काल अधिवेशनाचं उद्घाटन झालं, आज सगळं रिकामं. दोघी जावा खुर्च्यांवर पांढऱ्या खोळी चढवतायत. सासूबाई मागच्या रांगेत बसल्यात.)

थोरली : …आणि काल एक मंत्री मलाच विचारतो, बाई, इथं हात कुठं धुवायचे? स्वतःच्या राजधानीत सरकारला नळ सापडत नाही.

धाकटी : वर्षातून एक दिवस येतात, ताई. त्यांना काय ठाऊक?

थोरली : तेच म्हणते मी. घटनेत राजधानी म्हणून नाव आमच्या शहराचं, नकाशात चांदणी आमच्यावर. आणि मंत्री, कचेऱ्या, फायली, सगळा संसार तुमच्या शहरात. इथं यायचं, भाषण ठोकायचं आणि गाडी पकडायची. तू ज्या सरकारी खात्याबरोबर आलीस, तेही कालच पळालं. मागे मी आहेच, वर्षभर या खुर्च्यांची धूळ झटकायला.

धाकटी : पगार मिळतो ना त्याचा?

थोरली : पगार मिळतो. सासूबाई मिळत नाहीत.

धाकटी : आलात मूळपदावर. हळू बोला, त्या मागेच बसल्यात.

थोरली : ऐकू देत. दारावर त्यांच्या नावाची पाटी माझ्याकडे. लग्नाचं बोलावणं येतं ते माझ्या पत्त्यावर. आणि राहतात तुझ्याकडे. मान माझ्या पदरात, माणूस तुझ्या घरात. पण आज चारच्या गाडीला मी त्यांना सोडणार नाही, आधीच सांगून ठेवते.

धाकटी : ठेवून घ्या की. बघू किती टिकतात.

थोरली : का? मी काय छळते त्यांना? नव्या चादरी घालते, जागेवर चहा देते, इकडची काडी तिकडे करू देत नाही.

धाकटी : तेच तर. माझ्याकडे भाजी निवडतात, शेजारणीशी भांडतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. तुमच्याकडे आल्या की मांडीवर हात ठेवून बसतात, फोटो काढायला बसल्यासारख्या.

थोरली : म्हणजे मान दिला, हा माझा गुन्हा.

धाकटी : आणि माझ्या पदरात काय पडतं ते विचारा ना. इतकी वर्षं मी त्यांचं दुखलंखुपलं बघतेय. परवा शेजारीण म्हणाली, आजी, तुम्ही इथल्याच का? तर म्हणतात, छे गं, माझं घर थोरलीकडे, इथं आपली तात्पुरती आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

थोरली : असं म्हणाल्या? खरंच?

धाकटी : हसू नका.

थोरली : हसत नाहीये. खोळ अडकली.

सासूबाई : अडकली नाही, उलटी घातलीस. मघापासून बघतेय. शिवण बाहेर ठेवून का कुणी खोळ चढवतं?

थोरली : आई, तुम्ही उठू नका. मी करते.

सासूबाई : बसून बसून माझीच खुर्ची झालीय. आता मलाही खोळ घाल एक. धर ते टोक. अगं, ओढ नीट, हाताला जोर नाही का?

थोरली : रागावताय माझ्यावर?

सासूबाई : मग काय शाबासकी देऊ?

थोरली : नाही, रागवा. आजवर कधी रागावला नव्हतात, म्हणून विचारलं.

धाकटी : आई, चारची गाडी आहे आपली.

सासूबाई : तू हो पुढे. हिच्या अजून अर्ध्या खुर्च्या उघड्या पडल्यात.

धाकटी : मग कधी याल?

सासूबाई : एवढ्या झाल्या की. आणि ते पडदे बघितलेस? हात लावला तर काळा होईल.

धाकटी : पडद्यांना महिना जाईल, आई.

सासूबाई : जाईना. सरकार काय लगेच येतंय परत?

धाकटी : बरं. निघते मग. ताई, दारापर्यंत या जरा.

थोरली : आले. हं, काय गं?

धाकटी : रात्री त्यांच्या खोलीतला दिवा मालवू नका. अंधारात जीव घाबरतो त्यांचा. स्वतः कधी सांगायच्या नाहीत.

थोरली : अगं बाई. आणि मी दर खेपेला, शांत झोप लागावी म्हणून, आठवणीनं उठून मालवून येते.

धाकटी : ठाऊक आहे मला. म्हणूनच तर इतकी वर्षं सांगितलं नाही.