धुतलेली चकती

(कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या एका विद्यापीठात दोघं संशोधक विद्यार्थी, टेबलावर अर्धवट भरलेलं खोकं.)

ग्रेडी : हा कॉफीचा मग तू घे. घरी नुसता ढीग झालाय.

लोरेन : म्हणजे खरंच चाललास?

ग्रेडी : सोमवारपासून. डॉक्टरेट गेली, आता मास्टर्सवर भागवायचं. गाइड हॉलोवे बाई म्हणाल्या, इतक्या दिवसांत सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून बारीक अशी एक तार धड उभी करता आली नाही, तुझ्यासाठी आणखी पैसे कुठल्या तोंडाने मागू?

लोरेन : अशा बोलल्या?

ग्रेडी : गोड आवाजात. वर विचारलं, लोरेनच्या चकतीवर तारा गवतासारख्या उभ्या राहतात, छान प्रकाश देतात, तुझ्याच का लोळतात? काय सांगणार, कपाळ! कृती तुझीच. तेच तापमान, तेच गॅलियम, तेच आर्सेनिक.

लोरेन : आम्लात धुतल्यावर चकती भट्टीत कधी घालायचास?

ग्रेडी : लगेच. बाईंचा नियमच ना तो, हवा लागू द्यायची नाही. मी धावत न्यायचो आणि तुम्ही सगळे हसायचात.

लोरेन : माझी लगेच नव्हती गेली.

ग्रेडी : म्हणजे?

लोरेन : थँक्सगिव्हिंगच्या सणाला मावशीकडे सडबरीला जायचं होतं. चकती धुतली, डबीत ठेवली नि बस पकडली. टर्की खाऊन मंगळवारी परत आले आणि तशीच भट्टीत घातली.

ग्रेडी : एवढे दिवस हवेत?

लोरेन : हवेने तिच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरला. त्याला बारीक भोकं असतात. गॅलियमचा थेंब भोकात अडकतो आणि तार तिथूनच सरळ वर येते. अगदी स्वच्छ चकतीवर थेंबाला थारा नाही, तो भटकत बसतो. काल खात्री झाली. मुद्दाम तशीच ठेवलेली दुसरी चकती लावली, तारा उभ्या आल्या.

ग्रेडी : मावशीकडचं तेव्हाच का नाही बोललीस?

लोरेन : बाईंनी चकती कचऱ्यात टाकली असती. मग कौतुक सुरू झालं आणि जीभच रेटेना. तुझ्या तारा लोळायला लागल्या तेव्हा शंका आली होती रे. तरी गप्प बसले. लाज वाटते मला.

ग्रेडी : आणि मी आपला धावतोय.

लोरेन : बाई आत्ता लॅबमध्येच आहेत. चल, तुझ्यासमोर सांगते. अजून थांबवता येईल सगळं.

ग्रेडी : चल. पण दार तूच उघड. माझं कार्ड दुपारीच जमा केलं.