सूड, मऊरानीपुरमार्गे

...आणि वर लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून द्या! कसं सोडणार हो? आमच्या झाशीच्या रेल्वे कॉलनीतले मधुसूदनराव, गार्ड म्हणून रिटायर झालेले. स्वतःच्या लग्नात उखाणा घ्यायला उभे राहिले, घाबरले आणि तोंडाला आलं ते रोजच्या ड्यूटीचं, ‘ओरछा, बरुआसागर, निवाडी, मऊरानीपुर...’ गाडी थेट मऊरानीपुरला लागली, पण बायकोचं, सिंधूचं नाव काही आलंच नाही. झालं! तेव्हापासून शेजारचे गोविंदराव दर गणपतीला, भर मंडपात, नाकातून विचारणार, “काय मधू, वहिनी कुठल्या ठेसनावर उतरल्या?” हसताय काय? तुम्हीही हसलाच असता तिथं, मला ठाऊक आहे. पण तुम्हाला सांगतो, सूड घ्यायला नको?

त्यात यंदा नातीचे, बकुळचे होणारे सासरे आरतीला येणार. त्यांच्यापुढं ही शोभा? मधुसूदनरावांना घास गोड लागेना. तेव्हा बकुळनंच हत्यार दिलं, ‘ड्रेज अप’. विहिरीच्या तळाचा गाळ उपसतात ना, तशी बुडाशी बसलेली नकोशी आठवण कुणी मुद्दाम वर काढली, की म्हणायचं, ‘डोन्ट ड्रेज अप द पास्ट’. अहाहा! गोविंदराव इंग्रजीचा टेंभा मिरवणारे, त्यांना इंग्रजीतच गाडायचं! मग काय, दाढी करताना ड्रेज अप, पूजेत ड्रेज अप, दूध घेताना ड्रेज अप... दूधवाला विचारतो, “बाबूजी, तबियत तो ठीक है?” असू दे. सूड घ्यायला नको?

आरती झाली, पाहुणे टेकले, गोविंदराव उठले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मधुसूदनराव इंजिनासारखे गरजले, “गोविंदराव, डोन्ट ड्रेज अप द पास्ट!”

गोविंदरावांनी गळ्याचा मफलर दाखवला, मग पाण्याचा तांब्या; बिचारे पाणी प्यायला उठले होते. घसा बसलेला! माणसाला गौरी आल्यापासून आवाजच नव्हता हो...

बकुळचे सासरे भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, म्हणजे काय? मधुसूदनराव म्हणाले, गाळ उपसणं. कसला गाळ? नकोशा आठवणींचा. “उदाहरणार्थ?”

आणि तुम्हाला सांगतो, उदाहरण या माणसाकडे एकच! ओरछा, बरुआसागर, निवाडी, मऊरानीपुर... सगळं स्वतःच्या तोंडानं, हातात नसलेली हिरवी झेंडी हलवून! सासरे पोट धरून हसले, गोविंदराव तर आवाजाशिवाय हसले, डोळ्यांतून पाणी.

सिंधूबाई प्रसाद वाटता वाटता म्हणाल्या, “याही वेळी नाव राहिलंच.”

मधुसूदनराव बकुळच्या कानाशी वाकले. “बाळ, गाळ परत खाली ढकलायला तुझ्या इंग्रजीत काही आहे का गं?”