आमच्या टबातलं शेवाळ

...नाही पण मी म्हणतो, माणसाने स्वतःच्या घरात आंघोळ करायची तरी कुठे? टब आहे हो, चांगला पांढराशुभ्र, हौसेने बसवून घेतलेला... पण त्यात शेवाळ आहे! आपोआप धरलेलं नाही, मुद्दाम पाळलेलं! आमचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शेवाळातून तेल काढणार आणि त्या तेलावर सगळ्या जगाच्या गाड्या पळवणार. "भाऊजी, दुसरी जागा मिळेपर्यंतच." बरं, मी काही बोललो? नाही बोललो!

त्याआधी बाल्कनीत पिंप आलं होतं. त्यात भाज्यांची सालं, देठं कुजवायची आणि त्याचं इंधन करायचं. आता पिंपाला टरफलं लागतात म्हणून रोज मटार! दाणे आम्ही गिळायचे, टरफलं पिंपाने... म्हणजे घरात स्वयंपाक पिंपाच्या आवडीचा! तरी मी काही बोललो? नाही बोललो!

बोलणार कुणापाशी? आमची ही भावाच्या शब्दाबाहेर नाही. मला ताप आला तेव्हा थर्मामीटर कुठे होता? टबात! मग मी काय करायचो, तुम्हाला सांगतो, सकाळी बादली घेऊन बाथरूमच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचो, दार लावून घ्यायचो आणि मनातलं सगळं त्या टबाला ऐकवायचो... मेहुण्यापासून मटारापर्यंत, चांगलं तासभर!

शेवटी मेहुण्याने जागेसाठी केलेल्या अर्जावरून एकदाच्या तपासणीच्या सरकारी बाई आल्या. प्रयोग पसंत पडला तर मेहुण्याला शेड मिळणार आणि मला माझा टब! मी स्वतः चहा केला हो, वेलची घालून. बाईंनी टबात नळी बुडवली, पाणी उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "इतकं जोमदार शेवाळ मी पाहिलं नाही. याला कार्बन डायऑक्साइड कुठून देता?" मेहुणा डोकं खाजवायला लागला. बाईंनी विचारलं, "बंद दाराआड इथे कुणी खूप वेळ बोलत बसतं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

प्रयोग पसंत! पण शेड? छे! जागा हलवायची नाही आणि मलाही हलवायचं नाही, रोज तासभर इथेच बसून बोलायचं, असा बाईंचा सल्ला.

आता मी बिचारा दार लावून बसतो, आणि बाहेरून आमची ही दार ठोठावते, "अहो, गप्प का? बोला ना काहीतरी, पिवळं पडतंय ते!" उभ्या संसारात पहिल्यांदा हिने मला बोला म्हटलं... आणि तुम्हाला सांगतो, नेमकं आता मला काही म्हणजे काही सुचत नाही!