प्रश्न तेवढे विचारायचे

रवानगी मॅनेजर – दार लावून घ्या बाई. आता सांगा, माझा असिस्टंट तुमच्याकडे कसा काय निघाला?

खरेदी मॅनेजर – निघालेला नाही अजून. बदलीचा अर्ज केलाय त्यानं. तुमची सही झाली तरच येईल.

रवानगी मॅनेजर – मंगळवारी मी तुमच्या त्या वर्गात तोंड उघडलं आणि आज त्याचा अर्ज. मी काय दूधखुळा वाटलो?

खरेदी मॅनेजर – माझा वर्ग कसला? आपण सगळेच मॅनेजर बसतो तिथे. एकानं आपली अडचण सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न तेवढे विचारायचे. सल्ला द्यायचा नाही.

रवानगी मॅनेजर – आणि तिथलं बाहेर न्यायचं नाही, तेही ठरलं होतं. मला पहिल्या दिवसापासून संशय होता. म्हणे एकमेकांकडून शिका. एकमेकांची उणीदुणी काढा, असं सरळ म्हणा की.

खरेदी मॅनेजर – तरी बोललात.

रवानगी मॅनेजर – बाकीचे मोकळेपणानं बोलले, म्हणून मीही वाहवत गेलो. पोरगा हुशार आहे, उद्या माझ्याच खुर्चीत बसेल, म्हणून मी त्याला मालाच्या गाड्या लावू देत नाही, कुठली कधी सोडायची ते मीच ठरवतो, असं सगळ्यांदेखत कबूल केलं. आणि तुम्ही जाऊन त्याचे कान भरलेत.

खरेदी मॅनेजर – त्याच्याजवळ मी अवाक्षर काढलेलं नाही.

रवानगी मॅनेजर – मग वर्गात पुन्हा पुन्हा तोच प्रश्न का विचारलात? ‘त्याच्या मनात काय आहे, कधी विचारलंत का?’ तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

खरेदी मॅनेजर – कारण तो त्याआधीच माझ्याकडे येऊन गेला होता.

रवानगी मॅनेजर – वर्गाच्या आधी?

खरेदी मॅनेजर – जागा आहे का, विचारायला. साहेबांना कळू देऊ नका म्हणाला, मी शब्द दिला. मग वर्गात तुमचं ऐकलं आणि माझी पंचाईत झाली. त्याचं तुम्हाला सांगता येईना, तुमचं त्याला. प्रश्न तेवढा विचारता येत होता.

रवानगी मॅनेजर – मला वाटलं, टोमणा मारताय.

खरेदी मॅनेजर – तुम्हाला ‘जेवलात का’ विचारलं तरी टोमणाच वाटतो.

रवानगी मॅनेजर – का जायचंय म्हणाला?

खरेदी मॅनेजर – ते त्याच्या तोंडून ऐका. आणि एक सांगून ठेवते, मला माणूस हवाय. सही केलीत तर आनंदानं घेईन.

रवानगी मॅनेजर – बघा. शेवटी स्वार्थ आहेच.

खरेदी मॅनेजर – आहे ना. म्हणून तर तोंडावर सांगतेय. तो गेला तर तुमच्या विभागात तुमच्याशिवाय गाडी लावणारं कुणी उरणार नाही, हेही तोंडावरच सांगते. येते मी. केव्हाचा काचेबाहेर उभा आहे तो.

(बाई जातात. असिस्टंट आत येतो, दाराशीच थांबतो.)

असिस्टंट – साहेब, सही झाली का?

रवानगी मॅनेजर – सहीचं राहू दे. बस आधी.

असिस्टंट – उभाच बरा आहे.

रवानगी मॅनेजर – उद्याच्या गाड्या तू लाव. कुठली आधी सोडायची, कुठल्या गाडीत कुणाचा माल भरायचा, सगळं तूच ठरव. मी मध्ये पडणार नाही.

असिस्टंट – सगळ्या गाड्या?

रवानगी मॅनेजर – सगळ्या. तुला जमतं, हे मला कधीपासून ठाऊक आहे.

असिस्टंट – साहेब, खरं सांगा. आजवर एक गाडी लावू दिली नाहीत आणि आज एकदम सगळ्या? माझं काही चुकलंय का?