चावडीवरचा कागद

मंगळवारचा उपास धरलेली सत्यभामा उस्मानाबादच्या कचेरीत रांगेत उभी होती. तिच्या पुढं दर्ग्याचे खिदमतगार पाशामियाँ आणि त्यांची बीबी रजियाबी.

"सायेब, इनाम जमिनीचे नवे नियम अजून इचारात हायत म्हनं. आमची हरकत लिहून घ्या."

"विचारात होते, पाशामियाँ," कारकून म्हणाला. "हरकतीची मुदत परवा संपली. आता गावातल्या आठही इनामदार घरांची जमीन सरकारजमा."

"आमाला कुनी सांगितलंच न्हाय!"

"महिन्यामागं चावडीवर नोटीस लावली होती की. मराठीत."

"खोटं, सायेब," रजियाबी म्हणाली. "म्या रोज चावडीवरनं जाते. भिंत कोरीच हाय."

"थांब, रजिया. एक कागद व्हता. वाऱ्यानं निम्मा सुटला व्हता. लिवलेला कागद पायाखाली यिऊ नये, म्हनून म्या काढून दर्ग्याच्या कोनाड्यात ठिवला."

"वाचला नाही?"

"आमाला उर्दूच वाचाया येतं, सायेब."

कारकुनानं मागच्या सत्यभामेला पुढं बोलावलं. दोघं रांगेतून बाजूला झाली.

"अजी, गावात म्हनायचं, कागद लागलाच न्हवता. न्हायतर आठी घरं तुमालाच धरतील."

"दर्ग्यात झाडू मारनारा मानूस म्या. खोटं बोलू?"

"म्या बोलते. तुमी निस्तं गप ऱ्हावा."